एक मत, दोन प्रश्न

कडोलीच्या माणसाचा दिवस बेळगावभोवती फिरतो. भाजी विकायची तर बेळगाव, मुलांचे कॉलेज बेळगाव, कोर्टाची तारीख, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळे बेळगाव. अर्ध्या तासाची वाट. दर वर्षी कडोलीत मराठी साहित्य संमेलन भरते, त्यालाही निम्मे पाहुणे बेळगावहून येतात. मतदानाच्या दिवशी मात्र हा माणूस बेळगावचा नसतो. विधानसभेला त्याचे मत यमकनमर्डी मतदारसंघात पडते. यमकनमर्डी हे गाव हुक्केरी तालुक्यातले, पुणे-बंगळूर महामार्गावरचे. लोकसभेला तेच मत चिकोडीला जाते. कडोलीच्या शेतातून बेळगावचे दिवे दिसतात, पण बेळगावचा खासदार कोण हे ठरवण्यात कडोलीचा वाटा शून्य.

सीमाभागातल्या माणसाला रेषांचे महत्त्व सांगावे लागत नाही. पण तो ज्या रेषेबद्दल पिढ्यान्‌पिढ्या बोलत आला, ती राज्याची सीमा. तिच्यासाठी मोर्चे निघाले, गोळीबार झाले, खटला उभा राहिला. दुसरी एक रेष आहे, तिच्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. ती मतदारसंघाची. बेळगावच्या निवडणुकांचा इतिहास या दोन रेषांमध्ये सापडलेल्या एका मताचा इतिहास आहे. त्या मताला एकाच वेळी दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची होती. पहिला प्रश्न, आमचा प्रतिनिधी कोण? दुसरा, आम्ही कोणत्या राज्यात राहायचे? भारतातल्या मतपत्रिकेवर फक्त पहिला प्रश्न छापलेला असतो.

आधी रेष, मग निवडणूक

१९५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. जिल्ह्यातून लोकसभेवर गेलेल्यांत बळवंतराव नागेश दातार होते. काँग्रेसचे हे दातार पुढे नेहरूंच्या सरकारात गृह खात्यात मंत्री झाले, आणि राज्यांची पुनर्रचना हाताळणारे खातेही तेच होते. बेळगावचा खासदार गृह खात्यात बसलेला असतानाच बेळगावची रेष आखली गेली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी पुनर्रचनेचा कायदा अमलात आला. चंदगड तालुका तेवढा वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर (नंतरच्या कर्नाटक) राज्यात गेला. चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. बेळगावच्या पश्चिमेकडचा मराठी शेतकरी आणि चंदगडचा मराठी शेतकरी यांची बोली एक, सोयरीक एक, पिके एक. त्या दिवसापासून एकाचा आमदार मुंबईत बसू लागला आणि दुसऱ्याचा बंगळूरला. त्याच वर्षीच्या जानेवारीत या निर्णयाविरुद्ध झालेल्या आंदोलनात माणसे गोळीबारात मेली होती. १७ जानेवारी हा हुतात्मा दिन आणि १ नोव्हेंबर हा काळा दिन सीमाभाग तेव्हापासून पाळत आला आहे.

काही महिन्यांतच, १९५७ साली, म्हैसूर विधानसभेची निवडणूक आली. ज्या राज्यात राहायचेच नाही, त्या राज्याच्या विधानसभेसाठी मत मागायचे का, हा पेच होता. बहिष्कार टाकला असता तर घर रिकामे राहिले असते आणि दुसरे कुणी त्यात शिरले असते. महाराष्ट्र एकीकरण समितीने लढायचे ठरवले. निवडून यायचे आणि बंगळूरच्या सभागृहात उभे राहून सांगायचे की आम्हाला इथे बसायचे नाही. ‘समिती’ हा शब्द सीमाभागात त्यानंतर संघटनेचे नाव उरला नाही, तो बाजू सांगणारा शब्द झाला. ‘ते समितीचे’ आणि ‘ते राष्ट्रीय पक्षाचे’ अशी घराघरांची विभागणी तिथून सुरू झाली.

नऊ निवडणुका, पाच आमदार

बेळगाव शहर हा विधानसभेचा मतदारसंघ समितीचे सगळ्यात पक्के ठाणे ठरला. १९५७, १९६२ आणि १९६७ या तिन्ही निवडणुका बा. रं. सुंठणकर यांनी जिंकल्या. १९७२ आणि १९७८ साली बळवंतराव सायनाक आले. १९८३ आणि १९८५ साली राजाभाऊ माने, १९८९ साली बापूसाहेब महागावकर, १९९४ साली नारायणराव तरळे. सलग नऊ निवडणुका एकाच बाजूने गेल्या. या काळात देशात काँग्रेसची लाट आली आणि ओसरली, आणीबाणी लागली आणि उठली, कर्नाटकात देवराज अर्स आले, रामकृष्ण हेगडे आले. बेळगाव शहराच्या निकालावर यातल्या कशाचाही परिणाम झाला नाही. तिथे प्रश्नच वेगळा विचारला जात होता.

निवडणूक आयोगाच्या जुन्या निकालपत्रांत ही सलगता सहजासहजी सापडत नाही. १९६२ साली आयोगाच्या नोंदीत समितीचे नाव आहे, त्या वर्षी समितीचे सहा आमदार निवडून आले. पुढच्या अनेक निवडणुकांत मात्र याच माणसांच्या नावापुढे ‘अपक्ष’ असे छापलेले दिसते. समितीला मान्यताप्राप्त पक्षाचा दर्जा नव्हता, म्हणून कायमचे चिन्हही नव्हते. काँग्रेसच्या कार्यकर्त्याने एकदा चिन्ह शिकवले की ते वर्षानुवर्षे चालायचे. समितीच्या कार्यकर्त्याला मोकळ्या चिन्हांतून जे वाट्याला येईल ते घेऊन दर निवडणुकीला नव्याने गल्लोगल्ली फिरावे लागे. बाहेरच्या अभ्यासकाने नुसती आकडेवारी वाचली तर त्याला वाटेल की बेळगावकरांना अपक्षांचे विलक्षण वेड होते. ते वेड नव्हते, एका संघटनेची ती कडक शिस्त होती. कागदावर तिचे नाव नव्हते इतकेच.

हे यश का मिळाले, याचे उत्तर नकाशात आहे. शहराचा मतदारसंघ आटोपशीर होता. शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी आणि जुन्या गावातल्या गल्ल्या, सगळे एकाच मतदारसंघात. शहापूर तर संस्थानी काळात सांगलीकर पटवर्धनांच्या मुलखात होते. मराठी वस्ती एकवटलेली, तिच्या तालमी, वाचनालये, गणेश मंडळे हाताच्या अंतरावर. भोवतीच्या तालुक्यात आणि खानापुरातही असेच चित्र होते. आपली माणसे एका कुंपणात बहुसंख्य असतील, तर एकजुटीच्या मताने जागा जिंकता येते. हे साधे गणित चार दशके चालले.

पण जिंकून पुढे काय? १९६२ साली म्हैसूर विधानसभेत २०८ जागा होत्या आणि समितीचे आमदार सहा. त्यांना ठराव मांडता येई, भाषण करता येई, सभात्याग करता येई. सरकार पाडता येत नव्हते आणि बनवताही येत नव्हते. रस्ता, पाणी, शाळा यांसाठी मात्र ज्या सरकारचे अस्तित्वच मान्य नाही त्याच्याच दारात जावे लागे. शहरातला मतदार हे सगळे जाणून मत देत होता. त्याच्या लेखी हे मत म्हणजे दर पाच वर्षांनी सरकारदरबारी द्यायचा अर्ज होता. अर्ज मंजूर होत नसला तरी तो नोंदवहीत चढला पाहिजे, एवढाच त्याचा आग्रह होता.

गोव्याला विचारले, बेळगावला नाही

अर्जाऐवजी थेट प्रश्न विचारला असता तर काय झाले असते, याचे उदाहरण बेळगावच्या शेजारीच आहे. गोव्यात महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष महाराष्ट्रात विलीन होण्याचा मुद्दा घेऊन १९६३ साली निवडणूक जिंकला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विधानसभेचा निकाल हाच विलीनीकरणाचा कौल मानावा, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू म्हणाली, वेगळे विचारा. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल घेतला गेला. संघप्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. विलीनीकरण हरले.

गोष्ट इथे संपत नाही. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा मुद्दा हरलेला तोच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष पुन्हा जिंकला. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. गोव्याच्या मतदाराला राज्य कोणते आणि राज्यकर्ता कोण, हे प्रश्न सुटे करून विचारले, तेव्हा त्याने उत्तरेही सुटी दिली. बांदोडकर हवेत, विलीनीकरण नको. दोन्ही प्रश्न एकाच मतात कोंबले असते तर हे कधीच कळले नसते.

बेळगावला असा कौल मिळाला नाही. त्याला मिळाला आयोग. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये केंद्राने निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला. निपाणी, खानापूर, नंदगड यांच्यासह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, महाराष्ट्रातली २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, आणि बेळगाव शहर आहे तिथेच राहावे, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला. कर्नाटकाने तोच प्रमाण धरला. शिफारस अमलात आली नाही, त्यामुळे निपाणीही हलली नाही. कौल नाही आणि निवाडाही नाही, अशा स्थितीत सीमाभागाच्या हाती सार्वमताची एकच जागा उरली, ती म्हणजे दर निवडणूक.

असा वापर करणारे बेळगावकर जगात एकटे नव्हेत. १९१८ साली ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ जागा शिन फेन पक्षाने जिंकल्या. निवडून आलेले लोक लंडनला गेलेच नाहीत, त्यांनी डब्लिनमध्ये आपली वेगळी सभा भरवली. निवडणूक संसदेची होती, मतदारांनी तिचे सार्वमत केले. फरक एवढाच की तिथे संपूर्ण देशाच्या जागा हाताशी होत्या, इथे जिल्ह्याचा एक कोपरा.

दिल्लीची वाट बंद

विधानसभेला जे गणित जमले ते लोकसभेला कधीच जमले नाही. बेळगाव लोकसभा मतदारसंघाने १९५७ पासून आजवर एकदाही समितीचा खासदार दिलेला नाही. दातार १९६२ लाही निवडून आले. १९६३ साली त्यांच्या निधनानंतर पोटनिवडणूक होऊन एच. व्ही. कौजलगी गेले. पुढे नबीसाब, कोट्रशेट्टी आणि १९८० पासून सलग चार वेळा षण्मुखप्पा सिदनाळ. सगळे काँग्रेसचे. १९९६ मध्ये जनता दलाचे शिवानंद कौजलगी, १९९८ मध्ये भाजपचे बाबागौडा पाटील, १९९९ मध्ये काँग्रेसचे अमरसिंह पाटील. २००४ पासून सुरेश अंगडी यांची चार निवडणुकांची मालिका सुरू झाली.

ही यादी पाहून ‘मराठी मतदार लोकसभेला विरघळून जातो’ असे म्हणायची पद्धत आहे. मतदार विरघळत नाही, मतदारसंघ मोठा होतो. आजच्या बेळगाव लोकसभेत विधानसभेचे आठ मतदारसंघ आहेत. बेळगाव उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण या तिघांत मराठी वस्ती मोठी. गोकाक, आरभावी, बैलहोंगल, सौंदत्ती आणि रामदुर्ग हे पाचही कन्नडबहुल. आता मराठी पट्ट्याचे उरलेले तुकडे शोधू. खानापूर उत्तर कन्नड लोकसभेत आहे. तिथला मतदार भटकळ, कुमठ्याच्या किनाऱ्यावरच्या मतदाराबरोबर एक खासदार निवडतो. निपाणी चिकोडीत. कडोली, काकतीची बाजू यमकनमर्डीत, म्हणून तीही चिकोडीत. एकमेकांना लागून असलेला, एकाच बाजारपेठेवर जगणारा मुलूख तीन खासदारांत वाटला गेला आहे.

हे मुद्दाम केले, असे सीमाभागात सर्रास म्हटले जाते. हेतू सिद्ध करणे अवघड असते आणि या प्रकरणाला त्याची गरजही नाही. विखुरलेल्या मताला जागा मिळत नाही, हा परिणाम हेतूवर अवलंबून नसतो.

चारशे छप्पन्न

जिंकता येत नसेल तर निदान दिसले पाहिजे, हा विचार १९९६ साली टोकाला गेला. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघातून ४५६ उमेदवार उभे राहिले. समितीने ठरवून अर्जांचा पाऊस पाडला. हेतू उघड होता, देशाने विचारावे की हे बेळगावला काय चालले आहे.

तेव्हा मतदान कागदावर होते. ४५६ नावे आणि ४५६ चिन्हे छापायची म्हणजे काय, याची कल्पना आज यंत्राचे बटण दाबणाऱ्याला येणार नाही. चिन्हे कुठून आणायची, कागद किती, घडी कशी घालायची, पेटीच्या फटीतून तो आत जाणार कसा आणि मोजणार कोण? त्याच वर्षी तेलुगू मुलखातल्या नलगोंड्यात फ्लोराइडयुक्त पाण्याने हाडे वाकलेल्या लोकांनी ४८० उमेदवार उभे केले. तमिळनाडूत मोडकुरिची विधानसभेला शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यापायी १,०३३ उमेदवार झाले आणि मतपत्रिकेची पुस्तिका करावी लागली. तीन राज्यांत, तीन भाषांत, तीन वेगळ्या दुःखांसाठी लोकांनी एकाच वर्षी एकच युक्ती वापरली.

युक्ती परवडणारी होती. लोकसभेसाठी अनामत रक्कम ५०० रुपये होती. म्हणजे ४५६ जणांचे मिळून फार तर २,२८,००० रुपये. एवढ्या पैशात देशाच्या निवडणूक यंत्रणेला घाम फुटला.

दिल्लीने दखल घेतली, पण सीमाप्रश्नाची नाही, युक्तीची. १९९६ सालीच लोकप्रतिनिधित्व कायदा दुरुस्त झाला. लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० रुपये आणि विधानसभेची २५० वरून ५,००० रुपये झाली. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरे, बाकीच्यांना दहा लागतील, असे ठरले. मतपत्रिकेवरचा क्रमही बदलला. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे आणि शेवटी अपक्ष. मतपत्रिकेवर अपक्षाची जागा तळाशी गेली ती तेव्हापासून. पुढे अनामत आणखी वाढून लोकसभेला २५,००० आणि विधानसभेला १०,००० रुपये झाली. आजच्या दराने ४५६ उमेदवारांना १ कोटी १४ लाख रुपये भरावे लागतील. (अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना निम्मी रक्कम, ती सवलत इथे धरलेली नाही.)

देशभरातल्या प्रत्येक अपक्ष उमेदवाराला आज जी अनामत भरावी लागते, तिच्यामागे बेळगावच्या त्या ४५६ जणांचाही हात आहे. सीमाप्रश्न जिथल्या तिथे राहिला, बदलला तो निवडणुकीचा कायदा.

यंत्रे आल्यावरही हा आकडा अवघडच राहिला. जुन्या पद्धतीच्या मतदान यंत्राला १६ जागांची चार युनिटे जोडता येत, म्हणजे फार तर ६४ नावे. नव्या यंत्राला २४ युनिटे जोडता येतात, म्हणजे ‘नोटा’ धरून ३८४. १९९६ ची यादी आजच्या सगळ्यात मोठ्या यंत्रातही मावणार नाही. २०१९ साली तेलंगणातल्या निझामाबादेत हळदीच्या भावासाठी शेतकरी उभे राहिले आणि उमेदवार १८५ झाले. त्याच निवडणुकीत बेळगावातही समितीने जुनी युक्ती पुन्हा काढली. या वेळी उमेदवार ५७ झाले. ‘नोटा’ धरून ५८, म्हणजे चार युनिटांत बसणारे. प्रशासनाने चार युनिटे जोडली, मतदान वेळेवर उरकले. सुरेश अंगडी ३,९१,३०४ मतांनी जिंकले.

बालेकिल्ल्याची भिंत

विधानसभेची भिंत त्याआधीच ढासळली होती. १९९९ साली बेळगाव शहर मतदारसंघ काँग्रेसच्या रमेश कुडची यांनी जिंकला. २००४ साली पुन्हा तेच आले. बेचाळीस वर्षांची सलगता तुटली, त्यामागे एकच कारण नव्हते. शहर वाढले होते, उद्यमबागेच्या कारखान्यांनी आणि नव्या उपनगरांनी लोकवस्ती बदलली होती. समितीत गट पडले होते आणि एका जागेसाठी समितीचेच दोन दोन उमेदवार उभे राहू लागले होते. मराठी तरुण हिंदुत्वाच्या राजकारणाकडे वळत होता. त्याच्यासाठी भगवा झेंडा दोन ठिकाणी फडकत होता, आणि त्यातला एक दिल्लीच्या सत्तेत होता. २००४ सालीच महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि प्रश्न निवडणुकीतून कोर्टात गेला, असेही अनेकांना वाटले. कोर्टात खटला चालू आहे, मग मत कामासाठी देऊ या, हा विचार स्वाभाविक होता. तो खटला अजून निकाली निघालेला नाही.

त्यानंतर नवी रेष आली. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या परिसीमन आयोगाने २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघ नव्याने आखले. त्यानुसार देशात सगळ्यात आधी निवडणूक झाली ती कर्नाटकात, मे २००८ मध्ये. बेळगाव शहर, उचगाव आणि बागेवाडी ही जुनी नावे पुसली गेली. शहराचे उत्तर आणि दक्षिण झाले, भोवतीचा मुलूख ग्रामीण झाला, आणि तालुक्याची काकतीकडची बाजू, कडोलीसह, हुक्केरी तालुक्यातल्या गावांना जोडून यमकनमर्डी हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ तयार झाला. तिथे २००८ पासून प्रत्येक वेळी काँग्रेसचे सतीश जारकीहोळी निवडून आले आहेत.

२००८ च्या निवडणुकीत समितीचा एकही आमदार आला नाही. शहरात उत्तरेत काँग्रेसचे फिरोज सेठ, दक्षिणेत भाजपचे अभय पाटील. २०१३ मध्ये गट एकत्र आले आणि दक्षिणेत संभाजी पाटील, खानापुरात अरविंद पाटील असे समितीचे दोघे जिंकले. २०१८ मध्ये पुन्हा फूट, पुन्हा शून्य. २०२३ मध्ये दक्षिणेत समितीचे रमाकांत कोंडुसकर दुसऱ्या क्रमांकावर राहिले, अभय पाटलांपेक्षा १२,३०८ मतांनी मागे. उत्तरेत काँग्रेसचे असिफ सेठ आले. रेष बदलली तरी एकी असली की समिती जिंकते किंवा जिंकण्याच्या जवळ जाते, आणि फूट पडली की रेष कशीही असो, हरते. २०१३ आणि २०१८ हे दोन्ही निकाल एकाच नकाशावरचे आहेत. पराभवाचे सगळे खापर परिसीमनावर फोडणाऱ्यांनी हे विसरू नये.

एकाच वर्षातले दोन निकाल

२०२० च्या सप्टेंबरात रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी कोविडने गेले. १७ एप्रिल २०२१ रोजी पोटनिवडणूक झाली. भाजपने त्यांच्या पत्नी मंगला अंगडी यांना उभे केले, काँग्रेसने सतीश जारकीहोळी यांना. समितीने या वेळी अर्जांचा ढीग लावला नाही. एकच तरुण उमेदवार दिला, शुभम शेळके.

मंगला अंगडी यांना ४,४०,३२७ मते, जारकीहोळींना ४,३५,०८७. दोन वर्षांपूर्वी जवळपास चार लाखांचे असलेले मताधिक्य ५,२४० वर आले. शेळकेंना १,१७,१७४ मते पडली. विजयाच्या फरकाच्या बावीस पट. अनामत वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मते लागतात, तेवढी ती नव्हती, म्हणून कायद्याच्या भाषेत डिपॉझिट जप्त. राजकारणाच्या भाषेत मात्र दोन्ही मोठ्या पक्षांची झोप उडवणारा आकडा. १९९६ ला शेकडो उमेदवारांनी जे साधले नाही ते २०२१ ला एका उमेदवाराने साधले. गर्दीने बातमी होते, एकजुटीने हिशेब बदलतो.

त्याच वर्षी सप्टेंबरात बेळगाव महापालिकेची निवडणूक झाली. या पालिकेत समितीचे महापौर होणे हा एके काळी रिवाज होता. २००५ साली महापौर विजय मोरे यांच्या काळात पालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला होता, त्यापायी मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले आणि पालिकाच बरखास्त झाली. २०२१ ला पहिल्यांदाच राष्ट्रीय पक्ष आपापल्या चिन्हांवर उतरले. ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या. समितीच्या जागा हाताच्या बोटांवर मोजाव्या लागल्या. वॉर्डांच्या रचनेबद्दल तक्रारी झाल्या, त्यांत तथ्य असेलही. पण एप्रिलमध्ये लोकसभेला लाखाच्या वर मते मिळवणारी संघटना सप्टेंबरात तिच्या मूळ शहरात इतकी मागे पडते, याचे उत्तर वॉर्डाच्या हद्दीत पुरते सापडणार नाही.

मला याचे उत्तर १९६७ च्या गोव्यात सापडते. एप्रिलच्या पोटनिवडणुकीत सरकार बदलणार नव्हते, त्यामुळे मत भावनेला देता आले. सप्टेंबरात प्रश्न गटार, नळ आणि रस्त्यातल्या दिव्याचा होता. मतदाराने दोन्ही प्रश्न सुटे केले आणि उत्तरेही सुटी दिली. मराठी असणे आणि समितीला मत देणे, या दोन गोष्टी आता एक राहिलेल्या नाहीत, हा त्या वर्षाचा धडा. २०२४ च्या लोकसभेला भाजपचे जगदीश शेट्टर बेळगावातून सहज निवडून आले आणि समितीच्या उमेदवाराला २०२१ च्या आकड्याच्या जवळपासही जाता आले नाही. तिकडे चिकोडीत काँग्रेसच्या प्रियांका जारकीहोळी जिंकल्या. कडोलीच्या खासदार त्या.

पुढची रेष

बेळगावच्या मताने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. १९५७ ते १९९४ या काळात इथले बहुसंख्य मतदार आपले म्हणणे शांतपणे, कायदेशीर मार्गाने आणि पुन्हा पुन्हा सांगत राहिले. लोकशाहीत अर्ज करण्याची याहून सभ्य रीत नाही. पण निवडणूक हे प्रतिनिधी निवडायचे साधन आहे, सीमा ठरवायचे नाही. ज्या कामासाठी ते बनलेले नाही त्या कामाला ते चाळीस वर्षे जुंपले, आणि त्यात त्याची धार गेली.

राज्याची सीमा हलवणे मतदाराच्या हातात नाही, ते संसदेच्या आणि आता न्यायालयाच्या हातात आहे. मतदारसंघाच्या सीमेवर मात्र त्याला बोलता येते, आणि तिथे तो आजवर फारसा बोललेला नाही. परिसीमन आयोग आधी मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर बैठका घेतो. त्यानंतर अंतिम आदेश निघाला की त्याला साधारणपणे न्यायालयात आव्हान देता येत नाही. लोकसभेच्या जागांच्या वाटपावरची गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच आहे. म्हणजे नवी रेष येणारच.

त्या वेळी कडोली, काकती, उचगाव, येळ्ळूरच्या वाचनालयांत तो मसुदा टेबलावर असायला हवा. गावाचे नाव कोणत्या मतदारसंघात आहे, बाजार कोणता, रस्ता कोणता, शेजारचे गाव कुठे गेले, हे वाचून मुदतीच्या आत लेखी हरकत जायला हवी, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीतही. २००८ चा नकाशा कडोलीने मतदान केंद्रावर गेल्यावर पाहिला. पुढचा त्याआधी पाहावा.